ढिगाऱ्याखालची आग : मुंबई १९४४, हिरोशिमा १९४५

१४ एप्रिलला आमच्या काटोलात जयंतीची मिरवणूक असते. निळे झेंडे, ढोल, चौकाचौकात सरबताची टेबलं, आणि एका बाजूला नगरपालिकेचा बंब उभा. दोन वर्षांपूर्वी त्या बंबावरच्या एका काकांच्या खिशाला लहानसा झेंडा टाचलेला दिसला. मला वाटलं जयंतीचाच असेल. विचारलं, तर ते म्हणाले, "नाही गा भाऊ, हा आमच्यावाला हाय. मुंबईची गोदी उडाली होती ना, तवा आमचे सहासष्ट लोक गेले."

मी फिजिक्सचा एमएस्सी, ज्वलनावर पीएचडी करायला निघालेला, आणि ही तारीख मला माहीत नव्हती. घरी येऊन वाचायला बसलो आणि त्या वाचनातूनच माझ्या सिनॉप्सिसचं दुसरं प्रकरण उभं राहिलं. तुमच्यापैकी बरेच जण आता पेट देऊन विषय शोधत असतील, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

माझा विषय थोडक्यात असा : सच्छिद्र पदार्थांच्या ढिगात आग कशी धुमसते. समितीपुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा एका सरांनी विचारलं, "अणुस्फोटानंतर शहरभर इमारतींचा ढिगारा पडतो. तो ढिगारा आग वाढवतो की दाबतो?" मी झटकन उत्तर दिलं, "दाबतो सर, खाली ऑक्सिजन पोचत नाही." ते म्हणाले, "कशाचा ढिगारा?" मी गप्प. सिनॉप्सिस परत आला. तेव्हा राग आला होता, आता वाटतं की त्या दोन शब्दांतच अख्खा विषय होता.

तर आधी मुंबई. एसएस फोर्ट स्टिकिन हे १९४२ साली कॅनडात बांधलेलं मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा, विमानं आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी आणि तेलाची पिंपं चढली. लढाईचे दिवस, जहाजं कमी, त्यामुळे जागा मिळेल तिथे माल भरला. क्रमांक दोनच्या फाळक्यात खाली कापूस आणि वर स्फोटकं अशी रचना झाली. (कापूस आपल्या वऱ्हाडातला नव्हता, कराचीत चढवलेला होता. पण कापूस तो कापूसच.)

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास त्या फाळक्यातून धूर दिसला. बंब आले, पाणी सुरू झालं. जवळजवळ ९०० टन पाणी आत ओतलं तरी आग विझेना. जहाजाचा पत्रा बाहेरून इतका तापला की पाण्याला उकळी फुटायला लागली. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद आहे. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. साधारण अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, तोवर पहिल्या स्फोटातल्या माणसांना काढायला लोक धावून आलेले होते.

इथे थांबून कापसाबद्दल बोलू, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. ज्यांनी जिनिंग पाहिलं आहे त्यांना हे शिकवायला नको. आमच्याकडे हंगामात जिनिंगमध्ये आग लागली की गावात कुणी विचारत नाही "विझली का?", विचारतात "बसली का?" वरची ज्वाळा बंबवाले दहा मिनिटांत मारतात. गाठीच्या आत मात्र ती दोन-दोन दिवस चालते. त्याचं कारण असं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचं विघटन होऊन वायू निघतात आणि कोळसा मागे उरतो. वायू पेटला तर ज्वाळा दिसते. हवा कमी असेल तर ज्वाळा होत नाही, पण कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन हळूहळू लागत राहतो. हेच धुमसणं. ते मिनिटाला मिलिमीटरच्या आसपास, गोगलगायीच्या चालीने पुढे जातं, आणि दाबलेली गाठ स्वतःच उष्णतारोधक असल्याने आतली उष्णता बाहेर पडत नाही. वर पाणी टाकलं तर? कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. पाणी आत शिरत नाही, ओघळून जातं. म्हणजे ज्याला आपण "पाण्याने विझणारी साधी आग" म्हणतो तीच इथे पाण्याला दाद देत नाही.

फोर्ट स्टिकिनवर याहून वाईट झालं. फाळक्यात पाणी चढत गेलं तसा कापूस तरंगून वर आला, आणि वर काय होतं ते मी सांगितलंच आहे. आग विझवायचं पाणी आगीला स्फोटकांजवळ नेत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. खाली पाइप धरून उभ्या असलेल्या माणसांना हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

आता ढिगाऱ्याकडे येऊ. स्फोट झाला तेव्हा पेटलेल्या गाठी, तापलेले लोखंडी तुकडे आणि जळतं तेल आकाशात उडालं आणि आजूबाजूच्या गोदामांवर, चाळींवर, झोपड्यांवर पडलं. जहाजाभोवती जवळजवळ ८०० मीटरच्या कमानीत, मिळून दोन चौरस किलोमीटरच्या आसपास भाग पेटला. शेजारची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. 'जलपद्म' नावाच्या सुमारे चार हजार टनी जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन गोदीच्या शेडवर जाऊन बसला. मांडवी आणि मशीद बंदरच्या भागातली धान्याची गोदामं गेली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितले जातात. एवढी मोठी तफावत का, याचा विचार करा. गोदीत कामाला असलेल्यांची यादी होती, बाहेरच्या झोपड्यांत राहणाऱ्यांची नव्हती. सेन्सॉरशिपमुळे देशातल्या वर्तमानपत्रांना सविस्तर बातमी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापताच आली नाही. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी सांगितली होती.

नंतर सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून ५ लाख टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. सात महिन्यांचे २१० दिवस धरून भागाकार करा : दर माणशी रोज साधारण ३०० किलो. हा हिशेब माझा आहे, कुठल्या अहवालातला नाही, आणि ढोबळ आहे. पण वीट-मातीच्या साध्या ढिगाऱ्यावर काम करणारा मजूर दिवसाला याच्या कितीतरी पट माल हलवतो. म्हणजे हा ढिगारा साधा नव्हता. त्यात वाकलेलं लोखंड होतं, चिखल होता, कुजलेलं धान्य होतं आणि न फुटलेला दारूगोळाही होता.

या स्फोटाची अणुस्फोटाशी तुलना करायची का? आकारात फोर्ट स्टिकिनवरची स्फोटकं हिरोशिमाच्या बॉम्बच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतात. हिरोशिमाचा स्फोट सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे १५,००० टन टीएनटीएवढा मानतात. पण आकड्यापेक्षा मोठा फरक आग कशी लागते यात आहे. मुंबईत आग हवेतून उडून आली, ढिगाराच आगीचा वाहक होता. अणुस्फोटात आग प्रकाशातून येते. हवेत फोडलेल्या अणुबॉम्बच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी दाबलहरीत जाते, ३५ टक्के उष्ण प्रारणात, आणि उरलेली किरणोत्सर्गात. प्रारण प्रकाशाच्या वेगाने जातं, दाबलहर मागून येते. किलोमीटरभर अंतरावर हा फरक दोन-तीन सेकंदांचा असतो. म्हणजे आधी पडदे, कागद, वाळकं लाकूड पेटतं आणि मग लहर येऊन घर त्यावर कोसळतं. कधी लहरच ज्वाळा फुंकून विझवते, पण धुमसणारा भाग तसाच राहतो आणि ढिगाऱ्याच्या आतून पुन्हा पेट घेतो. त्यात भर म्हणजे चुली. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमात नाश्त्याच्या शेगड्या पेटलेल्या होत्या, आणि घरं त्या शेगड्यांवर पडली.

आता सरांचा प्रश्न घ्या : कशाचा ढिगारा?

जपानी घर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर जड कौलं. ते कोसळलं की लाकडाचे तुकडे होतात, भिंती फुटून हवेला वाट मिळते, एका घराचं लाकूड दुसऱ्याच्या लाकडाला भिडतं, मधली गल्ली बुजते. आग अडावी म्हणून मोकळे ठेवलेले पट्टेसुद्धा ढिगाऱ्याने जोडले जातात. असा ढिगारा आगीला मदतच करतो. उलट जाड विटांची किंवा काँक्रिटची इमारत पूर्ण बसली तर फर्निचर, कागद, लाकूड हे सगळं खाली दबतं. ज्वाळा कमी होते, जळणं मंदावतं. म्हणजे माझं पहिलं उत्तर या दुसऱ्या प्रकारापुरतं बरोबर होतं. पण मंदावणं म्हणजे विझणं नव्हे. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचा ढिगारा ११ सप्टेंबर २००१ पासून डिसेंबरपर्यंत, जवळजवळ शंभर दिवस आतून जळत होता. दबलेली आग हवा कमी असल्याने कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडते. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गच्या तळघरांत बसलेली बरीच माणसं ज्वाळा न शिवताच गेली, ती या वायूने आणि उष्णतेने. वर ढिगारा, खाली माणसं आणि मध्ये न दिसणारी आग, अशी ही परिस्थिती असते.

हिरोशिमात सुमारे वीस मिनिटांत वेगवेगळ्या आगी एक होऊन अग्निवादळ सुरू झालं. गरम हवा वर चढते आणि चारी बाजूंनी वारा आत ओढला जातो. दोन-तीन तासांनी हा वारा ताशी ५० ते ६५ किलोमीटरवर गेला होता. शहर सपाट, लाकडी आणि दाट. विझवायला पाणी नाही, कारण नळजोडण्या सुमारे ७० हजार ठिकाणी तुटल्या होत्या. बंब त्यांच्याच ठाण्यांच्या ढिगाऱ्याखाली. जवळजवळ ११ चौरस किलोमीटर जळून गेलं. तीन दिवसांनी नागासाकीवर याहून मोठा, सुमारे २१ किलोटनांचा बॉम्ब पडला, तरी तिथे तसं अग्निवादळ झालं नाही. मधे टेकड्या, उराकामीचं लांबट खोरं, वस्तीची मांडणी वेगळी. बॉम्ब मोठा आणि जळालेला भाग लहान. ज्यांना सगळं एका सूत्रात बसवायची घाई असते (मला होती), त्यांनी ही दोन शहरं शेजारी ठेवून बघावीत.

आता उलट बाजू. ढिगारा आगीचं काय करतो हे पाहिलं, आग ढिगाऱ्याचं काय करते? काँक्रिट आपल्याला दगडासारखं वाटतं, पण त्यात पाणी असतं, मोकळं आणि बांधलेलंही. ३०० अंशांच्या पुढे त्याची ताकद घसरू लागते. ४०० ते ५०० च्या दरम्यान सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं विघटन होऊन चुनकळी उरते. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि वाळूचा कण फुगतो. आतली सळई साधारण ५५० ते ६०० अंशांना निम्मी ताकद घालवून बसते. यात एक गमतीची (खरं तर अजिबात गमतीची नसलेली) गोष्ट अशी की आग विझवल्यावर किंवा पाऊस पडल्यावर ती चुनकळी पाणी पिते, फुगते, आणि वर धड दिसणारा तुकडा नंतर तडकतो. भाजल्या ढिगाऱ्यात बचावाला उतरणाऱ्याने ज्या तुळईवर पाय ठेवला ती सकाळी टिकली म्हणून संध्याकाळी टिकेलच असं नाही.

संशोधकाच्या दृष्टीने मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे. समजा तुम्ही महिनाभराने त्या जागी पोचलात. समोर जळका ढिगारा आहे. ही भिंत लहरीने पाडली की आगीने? आगीने आधीच्या खुणा पुसलेल्या असतात. मग वाचायचं कसं? काचेपासून सुरुवात करा. जमिनीवर पडलेल्या काचेच्या खालच्या बाजूला काजळी नसेल, तर खिडकी धूर साचण्याआधी फुटली, म्हणजे बहुधा लहरीने. काजळी बसलेली काच खाली पडलेली दिसली, तर आधी आग आणि मग फुटणं. लाकडाच्या मोडलेल्या टोकाचंही तसंच. मोडलेला भागच कोळसा झालेला असेल तर आधी मोडलं मग जळलं, ताजा असेल तर जळताना किंवा नंतर मोडलं. काँक्रिटचा रंगही सांगतो : वाळू आणि खडीत लोहाचा अंश असेल तर ३०० ते ६०० अंशांत गुलाबी छटा येते, त्यावर राखाडी, पांढरट. पण तो रंग खडीवर अवलंबून, म्हणून एकट्या रंगावर विसंबू नका. हिरोशिमात कौलांवर फोड आलेले सापडले, कारण पृष्ठभाग क्षणभर वितळला होता. असे फोड भट्टीत पुन्हा तयार करून किती उष्णता पडली असेल याचा अंदाज घेतला गेला. गणित कमी आणि लक्ष जास्त लागणारं काम आहे हे.

एवढं सगळं माहीत असताना अणुस्फोटाच्या नुकसानीच्या गणितात आग बराच काळ नव्हतीच, हे वाचून मी चक्रावलो. लिन ईडन या संशोधिकेचं २००४ चं 'होल वर्ल्ड ऑन फायर' हे पुस्तक याच प्रश्नावर आहे. अमेरिकन लष्करी नियोजनात दाबलहरीचं नुकसान काटेकोर मोजलं जाई आणि आगीचं धरलंच जात नसे. कारण दिलं जायचं की आग हवामानावर अवलंबून, तिचा भरवसा नाही. ईडन यांचं म्हणणं असं की दाबलहरीवर माणसं, पैसा, चाचण्या आधीपासून लागल्या होत्या, म्हणून ती मोजता येऊ लागली. आगीवर लागल्या नाहीत, म्हणून ती न मोजता येणारी राहिली. मला हे पटतं, थोडं अस्वस्थही करतं, कारण मीसुद्धा विषय निवडताना आधी हेच पाहिलं होतं की आमच्या लॅबमध्ये कोणतं उपकरण चालू आहे.

चाचण्या अगदीच झाल्या नाहीत असं नाही. ८ मे १९५३ ला नेवाडात 'एन्कोर' या स्फोटासमोर लहान लाकडी घरं उभी केली होती. कुजकं लाकूड आणि अंगणात कचरा असलेलं घर लगेच पेटून भस्म झालं, रंगवलेलं स्वच्छ घर वाचलं. त्यावर पुढच्या वर्षी प्रचारपट निघाला, आणि त्यामागे रंग उद्योगाशी जोडलेली संस्था होती! निष्कर्ष खोटा नव्हता, पण त्या घरांवर शेजारचं घर कोसळत नव्हतं. शहरात कोसळतं. साठच्या दशकात अमेरिकन वन विभागाने 'फ्लॅम्बो' नावाच्या प्रयोगांत घराएवढे लाकडाचे ढीग रांगांनी मांडून एकदम पेटवले, तेव्हा कुठे ढीग-ढिगाऱ्याचा प्रश्न मैदानात आला. १९८० च्या दशकात अणुहिवाळ्याची चर्चा सुरू झाल्यावर तो पुन्हा वर आला : शहरातलं किती जळण उघड्यावर जळून काजळी होणार आणि किती विटांखाली दबून राहणार, हे कळल्याशिवाय आकाशात किती काजळी जाईल ते सांगता येत नाही.

आपल्याकडे काय? १९५६ साली भारत सरकारने 'न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स' हे पुस्तक काढलं. काम दौलतसिंग कोठारी यांच्या देखरेखीखालचं, प्रस्तावना नेहरूंची. आणि १९५७ मध्ये नागपुरात दोन संस्था आल्या : रामपूरहून हलवलेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, आणि आपत्कालीन मदतीच्या प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था, जी पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. काटोलहून नागपूरला एसटीने जाणं-येणं करत मी एमएस्सी केलं आणि या दोन्ही संस्था शहरात आहेत हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तुम्ही कुठेही असा, आधी आपल्या जिल्ह्यात काय आहे ते पाहा, मग परदेशी जर्नल उघडा. मी उलट केलं आणि वर्ष घालवलं.

दुसऱ्यांदा समितीपुढे गेलो तेव्हा त्याच सरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी उलट विचारलं, "सर, लाकडाचा ढिगारा की विटांचा, आणि पहिल्या तासाचं विचारताय की दहाव्या दिवसाचं?" सर हसले नाहीत, पण सही झाली.

सध्या मी दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात जिनिंगमधला उरलेला कापूस आणि फुटक्या विटांचे तुकडे वेगवेगळ्या प्रमाणात भरून मधोमध तापमानाच्या तारा रोवतो. पहिल्या चार खेपांत आग मधेच बसली. पाचव्या खेपेला वरून काहीच दिसत नव्हतं, धूरही नाही, म्हणून मी संध्याकाळी नोंदी बंद करून घरी जायला निघालो. सवयीने स्क्रीनकडे पाहिलं तर तळापासून वीस सेंटिमीटरवरची तार ४८० अंश दाखवत होती. त्या रात्रीची शेवटची एसटी चुकली.